परिपत्रक क्रमांक एक्केचाळीस

रविवारी सकाळी सात वाजता वहिनींनी साहेबांचा मोबाइल बंद केला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला.

“आज तुम्ही कुणाचे साहेब नाही,” त्या म्हणाल्या. “आज तुम्ही फक्त मुलीचे बाप. दाढी करा, निळा शर्ट घाला आणि मी सांगेपर्यंत खुर्चीतून उठू नका.”

“अगं, पण आजपासून नवीन परिपत्रक लागू होतंय. पहिलाच दिवस आहे.”

“होऊ दे की लागू. त्याला काय तुमचं बोट धरून चालायचंय?”

साहेब दाढी करायला गेले.

हे साहेब म्हणजे चार जिल्ह्यांच्या संयुक्त बससेवेचे वाहतूक प्रमुख. पूर्वी चारही जिल्ह्यांच्या बस वेगवेगळ्या होत्या. हद्द आली की गाडी थांबायची, प्रवासी खाली उतरायचे, सामान उचलून दोनशे पावलं चालायचे आणि पलीकडच्या जिल्ह्याच्या गाडीत बसायचे. ती गाडी उभी असलीच तर. सहा वर्षांपूर्वी चारही सेवांची मिळून एकच सेवा झाली, आणि ती तशी करण्यात साहेबांच्या डोक्यावरचे निम्मे केस गेले. आता चार जिल्ह्यांच्या चार मुख्य शहरांना जोडणारी एक गोल वाट होती. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात आणि चौथ्यातून पुन्हा पहिल्यात. सकाळी गाड्या या दिशेनं फिरत, दुपारी उलट्या. प्रत्येक टप्पा दीड तासाचा. या वाटेवरच्या गाडीला सगळे ‘मुख्य गाडी’ म्हणत, आणि आसपासच्या खेड्यांतल्या लहान गाड्या तिला स्टँडवर येऊन मिळत. ऑफिसातले सगळे साहेबांच्या पत्नीला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

साहेब माणूस सज्जन. कुणावर आवाज चढवणार नाहीत, कुणाची रजा अडवणार नाहीत. दोष म्हणावा तर एकच. कुठलीही अडचण समोर आली की त्यांना परिपत्रक सुचायचं. खिडकी अडकली, परिपत्रक. कंडक्टर आणि प्रवासी यांच्यात छत्रीवरून वाद झाला, परिपत्रक. घरातही फ्रिजच्या दारावर एक कागद डकवलेला होता: ‘दुधाचे पातेले झाकल्याशिवाय आत ठेवू नये.’ खाली सही आणि तारीख. त्याखाली वहिनींनी पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘वाचले.’ आणि पातेलं उघडंच ठेवायच्या.

आजचा दिवस मोठा होता. साहेबांच्या लेकीनं तिच्याच कचेरीतला एक मुलगा पसंत केला होता. मुलगा घरी सगळ्यांना आवडला होता. प्रश्न मुलाच्या आईचा होता. बाईंनी एकटीनं मुलाला वाढवलेलं, स्वभाव करारी, आणि मुलानं लेकीला स्पष्ट सांगितलं होतं की आई तुमच्या घरी येऊन, माणसं पाहून हो म्हणाली तरच पुढचं. लेकीनंही ते मान्य केलं होतं. म्हणजे सगळं घोडं त्या एका भेटीवर अडलं होतं.

आणि ती भेट एकदा फसली होती.

महिन्यापूर्वी मुलाची आई यायला निघाली. ती चौथ्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. खेड्यातली गाडी शहराच्या स्टँडवर दहा मिनिटं उशिरा पोचली, आणि साडेसातची मुख्य गाडी तिच्या डोळ्यांसमोर निघून गेली. बाई तशाच परत घरी गेल्या. मुलाला फोनवर एवढंच म्हणाल्या, “गाडी गेली. पुढच्या महिन्यात बघू.”

त्या एका वाक्यानं साहेबांची झोप उडाली. ज्या गाडीनं विहीण यायची ती गाडी आपली, आणि आपल्याच गाडीनं तिला स्टँडवर टाकून निघून जावं! चार दिवस ते खोलीत येरझाऱ्या घालत होते. पाचव्या दिवशी परिपत्रक क्रमांक एक्केचाळीस निघालं.

‘कोणतीही गाडी, तिला मिळणारी जोडगाडी स्थानकात आल्याशिवाय सोडू नये. यात कसूर झाल्यास ड्रायव्हर व कंडक्टर जबाबदार राहतील. अपवाद केवळ निम्नस्वाक्षरीकाराच्या लेखी परवानगीनेच.’

निम्नस्वाक्षरीकार म्हणजे अर्थातच साहेब. नुसतं चौथ्या जिल्ह्यापुरतं परिपत्रक काढलं असतं तर लोक म्हणाले असते, साहेबांनी विहिणीसाठी गाडी अडवून ठेवली. म्हणून त्यांनी ते चारही जिल्ह्यांना, सगळ्या गाड्यांना सारखंच लागू केलं. न्याय म्हणजे न्याय.

पाहुण्या नऊला पोचणार होत्या. घर लख्ख होतं. वहिनींनी पडदे बदलले होते, लेकीनं तीनदा ओढणी बदलली होती, आणि साहेब निळा शर्ट घालून खुर्चीत फोटो काढायला बसल्यासारखे बसले होते. साडेआठला लेकीचा फोन वाजला. तिनं ऐकलं, “काय?” म्हणाली, पुन्हा ऐकलं आणि साहेबांकडे पाहिलं.

“बाबा, त्यांच्या आई सात वीसपासून मुख्य गाडीत बसल्यात. गाडी अजून हललीच नाहीये.”

“बिघडली असेल.”

“बिघडली नाहीये. ड्रायव्हर म्हणतोय, परिपत्रक आहे.”

साहेब उठले. वहिनींनी उठू दिलं. पिठाच्या डब्यामागून मोबाइल आला. तो सुरू केल्यावर चव्वेचाळीस मिस्ड कॉलचे मेसेज आले. मोबाइलवर बोटभर पीठ बसलं होतं, ते साहेबांच्या कानाला लागलं. पण त्या वेळी कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी चौथ्या जिल्ह्याच्या स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाला फोन लावला.

“नमस्कार साहेब. इकडे सगळं ठीक आहे.”

“गाडी का नाही सुटली?”

“गाडी तयार आहे साहेब. धुतलेली आहे. ड्रायव्हर जागेवर, कंडक्टर जागेवर, प्रवासी जागेवर. फक्त तिसऱ्याची गाडी येऊ द्या, लगेच सोडतो.”

साहेबांनी तिसऱ्याला फोन लावला.

“आमची गाडी कधीच तयार आहे साहेब. दुसऱ्याची आली नाही अजून. काय ती माणसं, वेळेची काही किंमतच नाही.”

दुसऱ्याचा नियंत्रक जरा नाराज होता. “आम्ही पहिल्याची वाट बघतोय साहेब. आमच्यावर नको. आम्ही सव्वासातपासून इंजिन चालू ठेवलंय.”

पहिला म्हणजे साहेबांचंच शहर. स्टँड घरापासून पाच मिनिटांवर. तिथला नियंत्रक आनंदात होता.

“साहेब, परिपत्रकाची अंमलबजावणी शंभर टक्के. एकही गाडी सोडलेली नाही. चौथ्याची आली की निघालोच.”

साहेबांनी पुन्हा चौथ्याचा नंबर लावला, पहिली रिंग वाजली आणि त्यांनी फोन खाली ठेवला. लेकीनं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर चार टिंबं काढून ती बाणांनी जोडली होती. बाण गोल फिरून जिथून निघाले तिथंच येत होते.

“बाबा, सगळ्या गाड्या एकमेकींना ‘आधी तुम्ही’ म्हणतायत.”

साहेब त्या गोलाकडे बघत राहिले. दिवसभर गाड्या फिरत असताना कोण कुणासाठी थांबेल, याचा त्यांनी बारीक विचार केला होता. पण सकाळी सगळ्या गाड्या आपापल्या स्टँडवर झोपून उठलेल्या असतात. पहिली गाडी कुणीतरी, कुणाचीही वाट न बघता सोडावी लागते. नेमकी तीच परिपत्रकात राहून गेली होती.

“मग आता फोन करून सांगा ना, सोडा म्हणून,” वहिनी म्हणाल्या. “हाय काय आणि नाय काय.”

साहेबांनी तेच केलं. चौथ्याचा नियंत्रक अदबीनं म्हणाला, “सोडली असती साहेब. पण परिपत्रक एकोणतीस.”

“काय आहे एकोणतीसमध्ये?”

“तुम्हीच काढलंय साहेब. मागच्या वर्षी तुमचा आवाज काढून कुणीतरी सहलीसाठी गाडी मागवून घेतली होती, त्यावर. ‘फोनवरील आदेश, मग तो कोणाच्याही आवाजात असो, ग्राह्य धरू नये.’”

“अरे, पण मी खरंच मी आहे.”

“तो पण असंच म्हणाला होता साहेब.”

“फोटो पाठवतो. सही करून, शिक्का मारून, कागदाचा फोटो.”

“फोटो परिपत्रक तीसमध्ये आहे साहेब. मूळ प्रतच पाहिजे. तुम्ही लेखी आदेश द्या, टपालाच्या थैलीत टाका, पहिल्या गाडीनं इकडे आला की मी ताबडतोब गाडी सोडतो.”

“आणि ती पहिली गाडी कशी सुटणार?”

“ते मात्र परिपत्रकात नाही साहेब,” नियंत्रक म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच काळजी होती.

आता हिशोब मांडायची वेळ होती. इथल्या स्टँडवर सही देऊन पहिल्याची गाडी सोडली, तर ती दुसऱ्याला जाणार, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला, आणि मग कुठे पाहुण्यांची गाडी हलणार. त्या घरी यायच्या दुपारी सव्वातीनला. दोनदा स्टँडवर खोळंबलेली विहीण कशाला हो म्हणेल? लेक वर्तमानपत्राचा तो कोपरा घडी घालून पुन्हा उलगडत होती, आणि साहेबांना ते बघवेना.

“मी जातो चौथ्याला,” ते म्हणाले. “स्वतः सही देतो आणि त्यांना घेऊनच येतो.”

“तुम्ही कसले जाता. तुम्ही वाटेत परवानगी लिहा,” वहिनी म्हणाल्या आणि पदर खोचून गाडीची किल्ली घेतली. “मी चालवते. तू घर सांभाळ गं. चहाचं आधण ठेवू नकोस एवढ्यात.”

शिक्का ऑफिसात होता आणि ऑफिस स्टँडच्याच वरच्या मजल्यावर. खाली स्टँडवर गर्दी दाटली होती. खेड्यांवरच्या गाड्या आल्या होत्या, पण मुख्य गाडी आल्याशिवाय परत जात नव्हत्या. एक गृहस्थ मोठ्यानं परिपत्रक वाचून दाखवत होते आणि भोवती माणसं कीर्तन ऐकावं तशी ऐकत होती. साहेब मागच्या जिन्यानं चोरपावलांनी वर गेले, शिक्का आणि शाईची डबी खिशात घातली आणि तसेच खाली उतरले.

वहिनींची गाडी चालवण्याची पद्धत ठरलेली होती. रस्ता रिकामा असो की भरलेला, काटा चाळीसच्या पुढे जात नसे. साहेब मांडीवर कागद घेऊन परवानगी लिहीत होते. शिक्का मारला तेव्हा गाडी खड्ड्यातून गेली आणि अर्धा शिक्का निळ्या शर्टावर उमटला.

“किती वेळ लागेल?” साहेबांनी विचारलं.

“तुम्ही विचारत राहिलात तर जास्त.”

तेवढ्यात फोन वाजला. अध्यक्षांचा होता. म्हणजे चार जिल्ह्यांच्या मंडळाचे अध्यक्ष, ज्यांच्याशी बोलताना साहेब बसल्या जागीही उभे राहत. आत्ता गाडीच्या टपाला डोकं लागलं.

“अभिनंदन,” अध्यक्ष म्हणाले. “नियंत्रण कक्षाचा सकाळचा अहवाल आत्ताच पाहिला. चुकलेल्या जोडण्या शून्य. चार जिल्ह्यांत शून्य. असा आकडा मी आजवर पाहिला नव्हता.”

“धन्यवाद, सर,” साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

“आणि उशिरा सुटलेल्या गाड्याही शून्य. हे कसं जमवलंत?”

“सुटल्या की... म्हणजे त्यावर बारकाईनं काम चालू आहे, सर.”

फोन ठेवल्यावर वहिनींनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “अहो, आपल्या इथल्या गाडीला दिलीत ना सही?”

साहेबांनी मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. एकच कागद होता. स्टँडवरून ते दोनदा गेले होते, वर जाताना आणि खाली येताना, आणि डोक्यात फक्त विहीणबाई होत्या.

“विसरलो,” ते म्हणाले.

वहिनींना खरं तर चिडायचं होतं. पण शर्टावर अर्धा शिक्का आणि मांडीवर परवानगी घेऊन बसलेला तो माणूस पाहून त्यांचा राग निघून गेला. हा माणूस लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला असाच केक आणायला गेला होता आणि वाटेत बंद पडलेली बस दिसली म्हणून तिथंच तीन तास थांबला होता. केक त्यानं प्रवाशांना वाटून टाकला होता. तेव्हाही असाच चेहरा होता.

“बाप म्हणून बरे आहात,” त्या म्हणाल्या. “साहेब म्हणून बघू पुढे.”

निम्मा रस्ता संपला असेल. समोरच्या चढावरून एक मोठी बस दिसू लागली. साहेब आधी नुसते बघत राहिले, मग खिडकीतून अर्धे बाहेर आले. पाटी स्पष्ट दिसत होती. चौथ्याहून पहिल्याकडे जाणारी मुख्य गाडी. साहेबांनी हातातली परवानगी जोरजोरात हलवली. बसच्या ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं, अदबीनं कपाळाला हात लावला, आणि बस भर्रकन निघून गेली.

“सुटली,” साहेब म्हणाले.

“मग बरंच झालं की.”

“पण माझ्या परवानगीशिवाय कशी सुटली?”

वहिनींनी गाडी बाजूला घेतली आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं. “सुटली नाही म्हणून रडत होतात, आता सुटली म्हणून रडताय. एक काय ते ठरवा.”

साहेबांना दोन्ही वाटत होतं. वहिनींनी गाडी वळवली आणि काटा चाळीसवर आणला. बस केव्हाच दिसेनाशी झाली होती. वाटेत दुसऱ्या जिल्ह्याच्या नियंत्रकाचा फोन आला की पहिल्याची गाडी निघाल्याचं कळलंय, आता आम्ही तयारीत आहोत. चौथ्याची पोचली, म्हणून पहिल्याची सुटली होती. गोल फिरायला लागला होता. फिरवला कुणी, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

दोघं घरी पोचले तेव्हा पावणेबारा वाजले होते. दार उघडंच होतं. साहेबांच्या खुर्चीत एक उंच, सडसडीत, पिकल्या केसांच्या बाई ताठ बसल्या होत्या. हातात चहाचा कप. लेक शेजारी बसून कशावर तरी हसत होती.

“या,” बाई म्हणाल्या. “बसा. प्रवासानं दमला असाल.”

स्वतःच्या घरात पाहुणा होण्याचा प्रसंग साहेबांवर पहिल्यांदाच आला होता. ते समोरच्या स्टुलावर बसले. वहिनींनी नमस्कार केला आणि थेट मुद्द्याला हात घातला. “ताई, गाडी सुटली तरी कशी?”

“मी सोडली,” बाई म्हणाल्या.

लेक म्हणाली, “बाबा, त्या कंडक्टर होत्या. तीस वर्षं. चौथ्या जिल्ह्याच्या जुन्या बससेवेत. आपण कधी विचारलंच नाही.”

“सेवा एक व्हायच्या आधीच मी निवृत्त झाले,” बाई म्हणाल्या. “आज दोन तास त्या गाडीत बसून होते. तुमचं परिपत्रक ड्रायव्हरच्या मागे लावलंय, ते तीन वेळा वाचलं. भाषा चांगली आहे तुमची.”

“धन्यवाद,” साहेब म्हणाले.

“पण लिहिणाऱ्यानं सकाळची पहिली गाडी कधी पकडलेली दिसत नाही.”

साहेबांनी मान खाली घातली.

“कंडक्टर बिचारा नियंत्रकाला विचारायला सातव्यांदा गेला होता. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा. अकरा वर्षं माझ्याच गाडीवर होता. मी त्याला म्हटलं, चल की रे. तो म्हणाला, बाई, नोकरी जाईल, जागचा हलणार नाही. म्हटलं, बरं. मग कंडक्टर परत येऊन बसल्यावर मी उठले आणि डबल बेल दिली.”

“मग?”

“मग काय. त्याचा पाय खाली गेला. त्यालाही कळलं नाही. स्टँडच्या बाहेर पडल्यावर म्हणतो, बाई, हे काय झालं. तीस वर्षं दोन घंटा ऐकल्यावर गाडी सोडलीय त्यानं. त्याला तो काय करणार.”

साहेबांना हसू आलं होतं, पण समोर परिपत्रक उभं होतं. “ड्रायव्हर जबाबदार राहील असं लिहिलंय मी,” ते चाचरत म्हणाले.

“बेल मी दिली. जबाबदार मी. लिहून देते हवं तर.” बाईंनी कप खाली ठेवला. “आता मला एक सांगा. इतका शहाणा माणूस, चार जिल्ह्यांच्या गाड्या चालवता, आणि हे असलं काढलंत कशासाठी?”

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. मग ते खरं बोलले. “तुमच्यासाठी. मागच्या महिन्यात तुमच्यासमोरून गाडी गेली. तुम्ही रागावून परत गेलात. म्हटलं, पुन्हा तसं व्हायला नको. लेकीचं लग्न माझ्या गाडीमुळे मोडायला नको.”

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

“मी कुठे रागावले होते?” त्या म्हणाल्या. “पुढची गाडी तीन तासांनी होती. जेवायच्या वेळेला कुणाच्या घरी पहिल्यांदा जायचं नाही, म्हणून परत गेले. राग कशाचा? मी पळत येत होते, ड्रायव्हरनं मला आरशात पाहिलं होतं, आणि तरी साडेसातची साडेसातला सुटली. आत पन्नास माणसं बसलेली असतात, एकासाठी थांबायचं नसतं. तीस वर्षं हेच सांगून माझा घसा बसला. घरी जाऊन शेजारणीला म्हटलं, ज्याच्या हाताखाली गाड्या अशा सुटतात, त्या घरात मुलगा द्यायला हरकत नाही.”

लेकीनं तोंडावर ओढणी धरली.

“तुम्ही हे मुलाला का नाही सांगितलं?” वहिनींनी विचारलं.

“त्यानं कुठे विचारलं. आणि आज येऊन बघते तर हे.” बाईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. बसमधलं परिपत्रकच होतं, चारही कोपऱ्यांना डिंकासकट. खाली निळ्या पेनानं दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘सकाळची पहिली गाडी कोणासाठीही थांबणार नाही. बाकीच्यांनी पाच मिनिटे, त्यापुढे एकही नाही.’

साहेबांनी त्या दोन ओळी वाचल्या. त्यात खोडण्यासारखा एक शब्द नव्हता. त्यांनी खिशातून शिक्का काढला, शाईची डबी काढली, सही केली आणि तारीख टाकली. स्थानिक नियंत्रक स्वतः येऊन मूळ प्रत घेऊन गेला. जाताना, फोनवरच्या आदेशाचंही काहीतरी करा साहेब, म्हणाला.

पण बाईंनी हो म्हटलं नव्हतं. जेवण झालं, गप्पा झाल्या, त्यांनी लेकीच्या हातची भाजी दोनदा घेतली, वहिनींना जुन्या फेऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. लग्नाचा विषय मात्र कुणी काढला नाही, आणि साहेबांना तर काढायचा धीरच नव्हता. कोणत्या तोंडानं काढणार? चार वाजता बाई उठल्या. साडेचारची मुख्य गाडी, मग खेड्याची शेवटची गाडी. वेळेत निघायला हवं.

“पाच मिनिटांचा तर रस्ता,” वहिनी म्हणाल्या आणि खाऊचा डबा भरायला लागल्या. झाकण बसेना. दुसरा डबा काढला. मग पिशवी सापडेना. सगळे घराबाहेर पडले तेव्हा चार चोवीस झाले होते. वहिनी चालायच्याही चाळीसच्याच वेगानं.

स्टँडच्या फाटकातून आत शिरले आणि समोर मुख्य गाडी उभी होती. वीसेक पावलांवर. इंजिन चालू, दार बंद होत होतं. ड्रायव्हर सकाळचाच. त्यानं आरशात आधी बाईंना पाहिलं, मग साहेबांना.

साहेबांचा हात वर निघाला. आपोआपच. नुसता हात वर केला असता तर गाडी थांबली असती. या स्टँडवर त्यांच्यासाठी थांबणार नाही अशी एकही गाडी नव्हती. विहीण वेळेत घरी पोचली असती, भेट गोड संपली असती. वहिनी त्या हाताकडे बघत होत्या, लेक बघत होती, ड्रायव्हर आरशातून बघत होता. बाई मात्र बसकडे बघत होत्या.

हात खांद्यापर्यंत आला, तिथून कानाकडे गेला आणि साहेबांनी सकाळपासून कानाला लागलेलं पीठ पुसलं.

आत दोन घंटा वाजल्या. गाडी निघाली, वळली, फाटकाबाहेर गेली.

“अहो,” वहिनी हळूच म्हणाल्या, “एक हात तर वर करायचा होता.”

“आत माणसं बसली होती,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. “ताई, माफ करा.”

बाईंनी आपली पिशवी साहेबांच्या हातात दिली.

“सकाळपासून बघतेय, कधी पुसताय ते पीठ,” त्या म्हणाल्या. “चला. चौथ्याकडची गाडी आता उद्या दुपारीच ना? म्हणजे मुक्काम आला. घरी जाऊन तारीख ठरवू. आणि आता ताई नका म्हणू, विहीणबाई म्हणा.”

लेकीनं त्यांना तिथंच, भर स्टँडवर मिठी मारली. वहिनींनी डोळे टिपले आणि हातातला डबा उघडून तिथल्या तिथे नियंत्रकाला खाऊ दिला.

परत फिरताना साहेबांची नजर सवयीनं स्टँडवरच्या मोठ्या घड्याळाकडे गेली. चार वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. गाडी एक मिनिट आधी सुटली होती. त्यांनी पुन्हा पाहिलं. घड्याळ बरोबर होतं. दर सोमवारी ते स्वतः लावून घेत. शेजारी विहीणबाईही मान वर करून तिकडेच बघत होत्या. दोघांची नजरानजर झाली.

“घड्याळ मागे पडलंय वाटतं तुमचं,” विहीणबाई म्हणाल्या.

“असेल,” साहेब म्हणाले, आणि त्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागले.

त्या विषयावर परिपत्रक निघालं नाही.